बुडातलं वजन

काशिनाथ तांडेल गेला, त्याच दिवशी फेरी सोसायटीचे चेअरमन दिगंबर खोत सांत्वनाला आले. जाताना त्यांची नजर काशिनाथ चालवायचा त्या सोसायटीच्या विजेवरच्या होडीवर पडली.

"रेवतीवहिनी, बुडात या शिशाच्या जडशीळ बॅटऱ्या भरल्यात कशाला? काशिनाथला नवं काही कळायचंच नाही."

घरात नवऱ्याचं प्रेत होतं, म्हणून रेवती गप्प राहिली. खोतांनी बॅटऱ्या काढून गोदामात टाकल्या आणि एका हाताने उचलता येईल अशी एक हलकी बॅटरी बसवून घेतली.

तिसऱ्या दिवशी काशिनाथची राख खाडीत सोडायला होडी निघाली. खोत मानाने पुढे बसले. रेवती मडकं मांडीवर धरून मागे बसली. धक्का सुटताच होडी अशी डुलायला लागली, की मडकं निसटता निसटता राहिलं.

"मागे घ्या!" खोत किंचाळले. "आधी बुडात दगड भरा!"

दगड भरल्यावर होडी सावरली. खाडीच्या मुखाशी रेवतीने राख सोडली.

परत निघताना खोतांनी घसा खाकरला. "वहिनी, काही लागलं तर सोसायटीला हक्काने सांगा."

"ह्यांच्या बॅटऱ्या तेवढ्या परत ठेवा," रिकाम्या मडक्याकडे बघत रेवती म्हणाली. "त्या होडीला सावरायच्या आणि चालवायच्याही. हे दगड नुसते बसून येतात. तसं बसून येणारं एक माणूस होडीत आधीच आहे."