तांबडे पागोटे

पूर्वी शिलावती नगरात वसुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. राजाने तपस्व्यांसाठी डोंगरात लेणे खोदायला काढले, तेव्हा भद्रक आणि त्याचा मित्र सोणक बरोबरच कामाला लागले.

लेणे वरून खाली खोदतात. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. छत कोरणाऱ्याला तांबडे पागोटे मिळे आणि मानही त्याचाच मोठा. ते एकदा डोक्यावर चढले की खालच्या कामाला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. सोणकाने पहिल्या दिवसापासून त्या पागोट्यावर डोळा ठेवला आणि जीव तोडून काम करीत वर सरकत ते मिळवलेही. भद्रकाचे मात्र काही कळेना. बढती चालून आली की हा म्हणे, "मला लोहाराच्या भात्यापाशी पाठवा." वेतन तेच, मान तोच. तिथून तो पाण्याचे टाके खोदणाऱ्यांत गेला.

सोणकाला राहून राहून नवल वाटे. एकदा त्याने विचारलेच, "अरे, तुला वर यायचंच नाही का?"

"यायचंय की," भद्रक म्हणाला. "पण छिन्नी इतक्या लवकर बोथट का होते, ते बघायचं होतं. आता डोंगरात पाणी कुठून येतं ते बघतोय."

"ते बघून काय मिळणार?"

"बघितल्यावर कळेल."

सोणक हसला. घरी जाताना पाणी कुठून येतं हा प्रश्न त्याच्याही डोक्यात घोळत राहिला. पण पागोटेवाल्याने असले काही विचारायचे तरी कुणाला!

छत पुरे झाले. खालचा खडक फोडून काढला, तसे ते उंच गेले. आता तिथे कुणाचा हातही पोचेना. सोणक पागोटे बांधून सावलीत नुसता बसून राहू लागला. दुसरे लेणे कधी निघणार, कुणास ठाऊक. घरी बायको काही विचारत नसे, आणि त्याचेच त्याला जास्त लागे.

लेण्याचे सगळे काम पाहणाऱ्या वृद्ध स्थपती रेवताला आता ते झेपत नव्हते. त्याने भद्रकाला बोलावले. "तुला इथलं सगळीकडचं काम कळतं. माझी जागा तू घे." सोणक जवळच होता. ती जागा आपलीच, असे तो इतकी वर्षे धरून चालला होता.

भद्रक म्हणाला, "आचार्य, छत कोरणं मला येत नाही. ते सोणकाकडून शिकल्याशिवाय मी ही जागा घेणार नाही. माझ्यावर मर्जी असेल तर एवढंच करा. पागोटेवाल्याला खाली उतरायची मोकळीक द्या, आणि त्याचा मान कमी करू नका."

तो रिवाज रेवतानेच घातला होता. तरी तो म्हणाला, "दिली."

दुसऱ्या सकाळी सोणकाने पागोटे सोडून कमरेला बांधले आणि तो टाक्यात उतरला. उतरताना लाज वाटलीच. पण चार घाव घातले नाहीत, तोच कोरड्या खडकातून पाण्याचा थेंब फुटला. तो बघतच राहिला. मग ओरडला, "भद्रका, अरे, हे येतं कुठून?"

"थांब, आलो. दोघं मिळून बघू."

इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. वरचे आसन मिळाले नाही म्हणून हिरमुसलेला एक तरुण भिक्षू समोर बसला होता. त्याला ते म्हणाले, "तो सोणक तूच होतास. रेवत म्हणजे हे तुझे उपाध्याय, आणि भद्रक मी."

भिक्षू खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "भन्ते, पण ते पाणी येत कुठून होतं?"

शास्ता हसले. "प्रज्ञा म्हणतात ती इथून सुरू होते."