पाच मिनिटं बारा सेकंद

"म्हणजे श्वाससुद्धा काढलास?"

मनूताईंनी गवारीची शेंग मोडता मोडता विचारलं.

"सगळे नाही, ताई. मोठे होते तेवढे. हेडफोनवर ऐकणाऱ्याला कानात फुंकर मारल्यासारखं वाटतं."

"आणि मधे खाकरला होतास, ते?"

"ते तर सगळ्यात आधी."

भरतेश चौगुले खुशीत होता. का नसावा? दिवसभर साखर कारखान्याच्या हापिसात कॉम्प्युटर बडवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आपलंच गाणं धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायचं, असे तीन आठवडे गेले होते. कुरुंदवाडात बसून गायलेलं गाणं आता मोबाइलवर कुणालाही, कुठंही ऐकता येणार होतं. एवढं झाल्यावर माणूस थोडा फुगणारच.

गाणं रेकॉर्ड झालं होतं मनूताईंच्या घरी. भरतेशच्या घराखाली पिठाची गिरणी. तिथं सूर लावला तर तोही दळून निघायचा. म्हणून ताईंची मधली खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर त्यांच्याच चार गोधड्या टांगल्या. समोर माइक. भरतेशच्या कानांवर हेडफोन, त्यात तानपुरा आणि मित्रानं आधीच वाजवून दिलेला ठेका. तो डोळे मिटून गायला. ताई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या.

आज रविवारची दुपार. ताई पडवीत भाजी निवडत होत्या आणि भरतेश लॅपटॉप घेऊन समोर बसला होता. सगळी तयारी झाली होती. राहिला होता फक्त ताईंचा होकार.

या घराची शिस्तच तशी. गुरूनं हो म्हटल्याशिवाय गाणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. ताईंच्या गुरूंनी, म्हणजे अण्णांनी, ताईंना चौदा वर्षं थांबवलं होतं. भरतेशची अकरा झाली होती. गल्लीतल्या गणपतीतसुद्धा तो कधी गायला नव्हता. आणि अकरा वर्षांत ताईंनी त्याच्या गाण्याला चांगलं म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. फारच जमलं, तर "बरं. चहा घे."

"ॲपवाल्यांना चौकोनी फोटो लागतो, तो केला," भरतेश सांगत होता. "आवाज किती मोठा हवा त्याचं त्यांचं माप असतं, त्यात बसवला. फॉर्म भरला. चीज अण्णांची, म्हणून रचनाकाराच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं."

अण्णांचं नाव निघालं तसा ताईंचा हात कानाच्या पाळीला लागून आला. अण्णांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. हाताला कुणी ते सांगितलं नव्हतं.

"लाव."

भरतेशनं लावलं.

सात मिनिटांचं गाणं. कुठं खरखर नाही, कुठं खाकरणं नाही. ताई शेंगा मोडत ऐकत होत्या. एका जागी भरतेशनं लांब मींड घेतली होती, वरून खाली, सावकाश, आणि मग तो थांबला होता. तिथं ताईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. काहीतरी यायचं असल्यासारख्या त्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या.

काही आलं नाही. गाणं पुढं गेलं.

ताईंनी पुन्हा शेंग उचलली.

गाणं संपलं.

"स्वच्छ आहे," ताई म्हणाल्या.

भरतेश वाट बघत बसला. ताटात एक शेंग पडली, दुसरी पडली...

"एवढंच?"

"अजून काय?"

"ताई, अकरा वर्षं झाली." इतका वेळचा फुगा खाली आला होता. "एकदा तरी काहीतरी म्हणा. हो म्हणा, नाही म्हणा. घरी जाताना रोज वाटतं, आज ताईंना आवडलं असेल का. आणि रोज कळत नाही."

"दाद मागायला आलास होय? दाद कोर्टात मागतात रे."

एरवी तो हसला असता. आज हसला नाही. त्यानं लॅपटॉप मिटला.

"माझ्या गाण्यात काही नसेल तर तसं सांगा. मला वाईट वाटेल, पण चालेल. नको चढवायला. मी आपला कारखाना बरा."

ताईंनी पदराला हात पुसले.

"त्या मींडेनंतर तू थांबला होतास," त्या म्हणाल्या. "तिथं काय होतं?"

भरतेशनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. काय काय साफ केलं त्याची यादी होती; हापिसातली सवय. त्यानं बोट फिरवलं.

"पाच मिनिटं बारा सेकंद. मागून काहीतरी वाजलं होतं. भांडं पडलं असणार."

"ऐकलंस?"

"नाही... दिसलं."

"आवाज दिसला?"

"पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, ताई. मी गप्प आहे तिथं रेघ सपाट पाहिजे. तिथं बारीकसा उंचवटा होता. सपाट केला."

"न ऐकता?"

"असे चाळीस होते. सगळे कुठं ऐकत बसायचे?"

"माझ्या हातून भांडं पडत नाही," ताई म्हणाल्या.

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. भरतेशच्या पिशवीतून त्यांनी हेडफोन काढले आणि त्याच्यापुढं धरले.

"मूळचं ठेवलंयस का? हे धुतलेलं नव्हे. मळकं."

"आहे."

"ऐक."

भरतेशनं कानाला लावलं. आपलेच श्वास धापा टाकल्यासारखे ऐकू आले आणि त्याला लाज वाटली. खाकरणं आलं. मागं कुकरची शिट्टीही होती, एक. मग मींड. मग तो थांबला ती जागा.

त्या जागेत कुणीतरी बोललं होतं.

लांबून, स्वयंपाकघरातून. बारीक आवाजात. पहिल्यांदा नीट कळलं नाही. त्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"अण्णा... ऐकताय ना?"

आवाज मनूताईंचा होता.

भरतेशनं हेडफोन काढले. हातात तो कागद तसाच होता. पाच मिनिटं बारा सेकंद, आणि पुढं त्याच्याच अक्षरात: भांडं.

अकरा वर्षं तो जे ऐकायला तडफडला होता ते त्याच्याच गाण्यात येऊन बसलं होतं. आणि त्यानं ते बघितलं, कापलं, वर टीप लिहून ठेवली. साखर कारखान्यातला एकतीस वर्षांचा माणूस गवारीच्या ताटापुढं बसून रडला.

ताईंनी त्याला थांबवलं नाही. निम्म्या शेंगा त्याच्याकडे सरकवल्या.

"मोड."

तो मोडू लागला. शिरा नीट निघत नव्हत्या. ताईंनी त्याच्या दोन शेंगा परत घेऊन पुन्हा साफ केल्या. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं...

"ताई."

"हं."

"मग चढवू?"

"चढव की. मी कुठं अडवलंय?"

"कुठलं चढवू? धुतलेलं की मळकं?"

ताईंनी शेवटची शेंग मोडली. ताट बाजूला सरकवलं.

"मी अण्णांना विचारलं, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"त्यांचं उत्तर अजून यायचंय. तोवर कुठला आवाज पुसू नकोस."