परतीचा पत्ता

नदीच्या पूर्वेकाठी वाळू होती आणि पश्चिमेकाठी नव्हती. एके काळी ती दोन्हीकडे होती. पण पश्चिमेची वाळू हळूहळू उपसली गेली आणि खाली नुसते गोटे उरले. तेव्हापासून पूर्वेकाठच्या प्राण्यांनी नियम केला, की इकडे राहायला यायचं तर परवाना हवा. परवाने देण्याचं काम त्यांनी हंसाकडे सोपवलं. दूध आणि पाणी वेगळं करणारा तो. आतले आणि बाहेरचेही नीट वेगळे करील, असा सर्वांना विश्वास होता.

त्या वर्षी पश्चिमेकाठची रेवाई नावाची कासवीण अर्ज घेऊन आली. तिच्या पोटात अंडी होती. आदल्या वर्षीची तिची सगळी अंडी गोट्यांवर फुटली होती, म्हणून या वेळी तिनं वेळेआधीच नदीत उडी घेतली होती.

हंसानं कागद चाळले. जन्मकाठची चिमूटभर माती होती. रोग नसल्याचा दाखला होता.

"अर्जदार किती?" त्यानं विचारलं.

"मी एकटी. आणि अंडी."

"अंडी किती?"

"अजून पोटात आहेत, साहेब. कशी सांगू?"

हंसानं ती जागा कोरी ठेवली. "इथला एक हमीदार लागेल. आणि परतीचा पत्ता. परवान्याची मुदत संपल्यावर कुठं परत जाणार, ते लिहा."

"परत जाण्याजोगं काही उरलं असतं, तर आले असते का?"

"असं अर्जात लिहू नका," हंस आवाज उतरवून म्हणाला. "लिहिलंत तर मला तो फेटाळावाच लागेल."

अर्जदारांनी नदीच्या मधल्या खडकाळ बेटावर थांबायचं असे. रेवाई तिथं थांबली. समोर पूर्वेकाठावर टिकूबाई टिटवी राहत असे. परका दिसला की सगळा काठ जागा करायचा, हा तिचा धर्म. रेवाईला पाहताच तिनं कालवा मांडला, "आली! आणखी एक आली! आज एक येईल, उद्या शंभर येतील!"

पाचव्या दिवशी बेटावरचं एक म्हातारं कासव रेवाईला म्हणालं, "अगं, पाण्याखालून सरळ निघून जा. हंसाला वरचं तेवढं दिसतं."

रेवाईनं काठाकडे पाहिलं. तिला मोह झाला नाही असं नाही.

"चोरून घातलेल्या अंड्यांची पोरं जन्मभर लपत राहतील," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

आठव्या दिवशी मात्र तिला थांबवेना. मागच्या पायांनी ती खडक उकरू लागली. नखं तुटली, खडकावर रक्ताच्या रेघा उमटल्या, पण बोटभर खळगाही पडला नाही. ती पुन्हा पुन्हा मान वळवून मागं पाही आणि पुन्हा उकरू लागे.

टिकूबाईनं ओरडायला चोच उघडली होती. ती तशीच उघडी राहिली. तीही उघड्या जमिनीवर अंडी घालणारी. खळगा म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. ती उडाली आणि थेट हंसासमोर उतरली.

"हिची हमी माझी."

हंस चमकला. "टिकूबाई, हिच्या हातून काही चुकलं तर तुमचीही जागा जाईल. ठाऊक आहे ना?"

"तुम्हांला नियम माहीत नव्हते, तेव्हापासून मला माहीत आहेत. शिक्का मारा."

"पण परतीचा पत्ता?"

"अहो, घर तिच्या पाठीवर आहे. जिथं थांबेल तिथं ती घरीच असते. लिहा तसं."

हंसानं लेखणी शाईत बुडवली. मग त्यानं सुबक अक्षरांत लिहिलं, 'पाठीवर.' आणि शिक्का उमटवला.

त्याच दुपारी रेवाईनं पूर्वेकाठच्या वाळूत खोल खळगा केला. अंडी बावीस निघाली. टिकूबाई दोन महिने जवळपास हिंडत राहिली. आता ती ओरडे ती खळग्याकडे फिरकणाऱ्या मुंगसावर.

अंडी फुटली त्या सकाळी हंस कोरी जागा भरायला स्वतः आला. पिल्लं एकमेकांना ढकलत वर येत होती, तो मोजत होता. एकवीसपर्यंत तो पोचला, तेवढ्यात उकरलेल्या उताराची वाळू भसकन खाली घसरली आणि तिच्याखालचा जुना, दगडासारखा टणक झालेला चिखल उघडा पडला. त्यावर पावलं उमटलेली होती. तीन बोटं, आणि बोटांच्या मधे पातळ पडदा. ती नदीतून निघून काठावर चढली होती.

बाविसावं पिल्लू त्या पावलांवरून पाण्याकडे गेलं. हंसानं इकडेतिकडे पाहिलं, एक पाय उचलला आणि हलकेच एका ठशात ठेवला. तो नेमका बसला.