सावरखिंडीतला आडोशाचा दिवा

पाहुणे, शिळेला टेकून बसू नका, पाठीला काजळी लागेल. मागे एका साहेबांचा पांढरा सदरा असाच गेला आणि बोलणी मला खावी लागली. इकडे समोर या, म्हणजे नीट दिसेल.

या शिळेवर वरपासून खालपर्यंत खुणा कोरलेल्या आहेत. नांगर, मासा, ओंबी, घोड्याचा नाल. अगदी खाली तो दुधाचा कॅन आहे, आमच्या डेअरीवाल्या पोरांनी यंत्र लावून कोरलाय, म्हणून इतका गुळगुळीत. आणि सगळ्यांत वर, एकटीच, चोचीत काडी धरलेली चिमणी. तिच्या पायाशी जो खोलगा दिसतो त्यात दिवा लागतो. तो लावायचं काम माझं. मी म्हादबा, खिंडाई देवीचा गुरव. माझ्याआधी हे काम वडील करायचे.

आमच्या भागात कुणी नवा धंदा काढला आणि मालावर नाव-चित्र घालायचं ठरवलं, की ते आधी इथे आणतो. खिंडाईच्या जत्रेला, दिवस मावळताना, ते चित्र शिळेपुढे ठेवायचं आणि जमलेल्यांना विचारायचं, ही खूण मी माझी म्हणू का? दिवा जळतोय तोवर कुणीही हरकत घ्यावी. दिवा विझला की खूण त्याची. आता इथला वारा तुम्ही बघताच आहात, माझी टोपी दोनदा उडाली. त्या वाऱ्यात दिव्याला आडोसा धरतो कोण? घरचा माणूस नाही. त्याच धंद्यातला दुसरा, म्हणजे ज्याची हरकत निघण्याचा संभव जास्त, तो. ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण त्यामागे ती चिमणी आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, या वाडीत गोजरा नावाची ओतारीण होती. ओतारी म्हणजे कासं-पितळ वितळवून वस्तू ओतणारे. गोजरा बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतायची. आधी मेणाची घंटा करायची, तिच्यावर शिसवी ठसा दाबायचा, वरून माती थापायची. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी रस ओततात. ठसा तिला आईने कोरून दिला होता, तीच ही चिमणी. नवरा बहिर्जी भाता ओढायचा. दोघांचं पोट त्या भट्टीवर होतं आणि भट्टीचं नाव त्या चिमणीवर.

तेव्हा खिंडीतून वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन जात. इथलं धुकं असं, की माणसाला आपल्याच बैलाचं शेपूट दिसू नये. पुढच्या बैलाच्या घंटेचा आवाज धरून मागचा तांडा चालायचा. म्हणून घंटा घ्यायची तर चिमणीची, असं तांड्यातांड्यांत झालं होतं म्हणे.

एका वर्षी धुक्याच्या दिवसांत हरसिंग नायकाचा तांडा खिंडीत चढला आणि मधल्या वळणावर त्याच्या घंटा एकामागून एक तडकल्या. आवाज बसला. मागचे बैल वाट चुकले आणि त्याचा एक चांगला जवान बैल दरीत गेला. हरसिंग तसाच वाडीत उतरला आणि गोजराच्या दारात उभा राहिला.

"बाई, तुझ्या चिमणीनं माझा बैल खाल्ला," तो म्हणाला.

गोजराने घंटा हातात घेतली, वाजवून पाहिली. चिमणी तिचीच होती, घंटा तिची नव्हती. तिने तसं सांगितलंही. हरसिंग म्हणाला की घंटा पायथ्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्याकडून घेतल्या, आणि तो गोजराचाच माल विकतो असं स्वतः बोलला होता. व्यापाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला, देवीपुढे हात जोडले आणि बिनदिक्कत म्हणाला, "मी हिच्याकडूनच घेतल्या. चिमणी बघा की."

इथे बाईची पंचाईत झाली. ज्या खुणेने तिचं नाव इतकं लांब नेलं होतं, तीच आता तिच्याविरुद्ध साक्ष देत होती. ठसा कुणाचा, तो कुणी वापरावा, याला तेव्हा काही रीतच नव्हती. ओताऱ्यांचा कायदा मात्र पक्का होता. खोटा माल देणाऱ्याची भट्टी फोडायची, आणि त्या घराने पुन्हा ओतकाम करायचं नाही.

पंच या शिळेपाशी बसले. समोर पहार आणून ठेवली. पंचांतला वडील माणूस अगदीच निर्दय नव्हता. तो म्हणाला, "देवीचा दिवा लावलाय. तो विझेपर्यंत तुला मुदत. काय पुरावा असेल तो आण." पण खिंडीतल्या वाऱ्यात दिव्याची मुदत ती किती असणार? आणि बाई पुरावा आणणार कुठून? ती नुसती ज्योतीकडे बघत उभी राहिली. तिने मनात खिंडाईला नवस केला म्हणतात. माझी भट्टी राहू दे, ही चिमणी मी घरात झाकून ठेवणार नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी तुझ्या दारात बसवीन.

तोवर हरसिंग पंचांपुढे मांडण्यासाठी घंटा चामड्याच्या पट्ट्यांतून सोडवत होता. सोडवता सोडवता त्याचा अंगठा एका घंटेच्या काठावर अडकला. तिथे बारीकशी खाच होती. त्याने तिच्यावरून परत अंगठा फिरवला. मग दुसरी घंटा घेतली, तिसरी घेतली, आणि त्याचा हात थांबला.

एवढ्यात वाऱ्याचा झोत आला. ज्योत आडवी झाली, पंचांतला एक जण पहारीसाठी उठलासुद्धा. तेव्हा हरसिंग पुढे झाला आणि त्याने आपले दोन्ही तळवे दिव्याभोवती धरले. ज्याचा बैल गेला होता, ज्याने फिर्याद आणली होती, त्याचेच तळवे.

"बसा," तो म्हणाला. "दिवा अजून आहे. त्या घंटांच्या काठाला हात लावून बघा, चिमणीच्या शेपटीखाली."

पंचांनी एकेक घंटा चाचपली. प्रत्येकीला त्याच जागी तीच खाच.

"ही खाच माझ्या कवड्या बैलाच्या घंटेची," हरसिंग म्हणाला. "नदी उतरताना तो खडकावर आपटला होता, तेव्हा पडली. म्हातारा होऊन मेला बिचारा. त्याच्या गळ्यावर हात फिरवताना रोज ती अंगठ्याला लागायची. नव्या घंटांची मागणी देताना जुनी मी या शेटजीला देऊन टाकली. आता शेटजी, एका बैलाची जखम इतक्या बैलांच्या गळ्यात कशी आली, ते तूच सांग."

व्यापाऱ्याला कबूल करावं लागलं. त्याने कवड्याची घंटा मातीत दाबून साचा घेतला होता आणि त्यात शिसं घातलेला हलक्या प्रतीचा रस ओतला होता. चिमणी उचलताना शेपटीखालची खाचही उचलली गेली, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. नायकाला तोलामोलाचा बैल देऊन तो खाली उतरला, आणि त्या बाजारात पुन्हा दिसला नाही असं म्हणतात.

गोजराने देवीपुढे डोकं टेकलं. "बरं झालं गं बाई, बरं झालं," एवढंच ती किती तरी वेळ म्हणत होती. बहिर्जीला रडू आलं, त्याने ते दिव्याच्या धुरावर ढकललं. आणलेली पहार मोकळी कशाला न्यायची, म्हणून पंचांनी त्या पहारीनेच नव्या साच्यांसाठी माती उकरून दिली. मला गोष्टीतला हा भाग सगळ्यांत आवडतो.

मग गोजराने नवस फेडला. शिळेवर ही चिमणी कोरवून घेतली. लोक आधी हसले, मग आपापल्या खुणा घेऊन रांगेत उभे राहिले. आणि हरसिंग जाताना सांगून गेला म्हणे, ज्याच्या एका शब्दाने दुसऱ्याची भट्टी फुटू शकते, आडोसा त्यानेच धरावा.

जुनं असेल, खरं-खोटं देवी जाणे. पण मागल्या वर्षीच्या जत्रेचं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या सुनेने लसणाच्या चटणीसाठी मोराचं चित्र आणलं होतं. आडोसा धरायला पलीकडच्या आळीतली शेवंता, तीही चटणीच विकते. दिवा अर्धा जळाला असेल, तेव्हा शेवंता हळूच म्हणाली, "वहिनी, रागावू नका, असाच मोर आमच्या पाकिटावर आहे. नुसतं तोंड तिकडे आहे." सून दोन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलली नाही, जसा काही मोर मीच काढला होता. पण पाकिटं छापायची होती अजून. छापून झाल्यावर कळलं असतं तर बसली असती कपाळाला हात लावून.

यंदा तिने खलबत्त्याचं चित्र आणलं. आडोशाला पुन्हा शेवंताच. सून श्वास धरून उभी होती, मीही होतो, उगाच का खोटं बोलू. कुणी हरकत घेतली नाही. दिवा विझला तशी शेवंताने काजळीचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "झाली बाई तुमची." दोघी हसल्या, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. आता सून तालुक्याच्या वकिलाकडे सरकारी नोंद करायला गेली आहे, तीही करावीच लागते.

आजही जत्रेच्या संध्याकाळी इथे असाच वारा असतो. पण इतकी वर्षं मी दिवा लावतोय, तो तेल संपूनच विझतो. वाऱ्याने विझलेला मी अजून पाहिलेला नाही.