भागीरथीने घेतलेलं पहिलं नाव

सांगा मंडळी, दोन दुकानदार म्हणतात, ‘आमचंच दुकान सगळ्यांत जुनं’, तर विश्वास कुणावर ठेवाल? ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर, की ज्याची जीभ अडखळते त्याच्यावर?

फार फार वर्षांमागे कोकणात काळवलीच्या खाडीकाठी माडीची, म्हणजे माडाच्या आंबवलेल्या रसाची, दोन दुकानं होती. अलीकडे विधवा भागीरथी मयेकर, पलीकडे जानू कीर.

“गो भागीरथी, तुझ्या आज्याक दात येवच्याआधी माझ्या पणज्याची मडकी फेसाळत होती!” जानू ओरडायचा.

“फेस तुझ्याच तोंडाक इलोहा, जानू. जरा पाणी पी!”

असं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मामलेदाराचा हुकूम आला. दर गावात माडीचं एकच दुकान राहील, सर्वांत जुनं. दुसऱ्याने मडकी फोडायची. भागीरथीच्या पोटाला त्या मडक्यांवाचून दुसरं काही नव्हतं.

कागद कुणाकडेच नव्हता. पण दोन्ही घरांची एक रीत होती. सकाळची पहिली करवंटी जमिनीवर ओतायची आणि माडावर चढून गेलेल्या जुन्या माणसांची नावं घ्यायची, सर्वांत जुनं आधी. ठरलं, ग्रामदैवत रवळनाथासमोर दोघांनी नावं घ्यावीत. ज्याची जास्त, त्याचं दुकान.

जानू चौथ्या नावावर अडला, तो अडलाच. तीन नावांवरच तो मागे सरला.

भागीरथीला सात नावं पाठ. सहा मयेकरांची, आणि त्यांच्याही आधीचं एक, सासूने कानात सांगितलेलं. ते गिळलं तरी सहा उरत होती. कोण विचारणार होतं? असं म्हणतात, देवळातली समईची ज्योतसुद्धा तेव्हा हलायची थांबली. तिने करवंटी जमिनीवर ओतली.

“बा देवा महाराजा,” ती म्हणाली, “पयलो दादू कीर. तेणीच आमच्या मूळपुरुषाक कोयती धरूक शिकवल्यान.”

“होय महाराजा!” सवयीने गाव गरजला, आणि मग ध्यानात आलं, जुनं दुकान कीरांचंच ठरलं.

जानू पुढे आला, वाकला. “माये, माका ह्या नाव ठावकच नव्हता.”

“आता ठावक झाला मां? मगे रोज घे.”

मडकी तिने आपल्याच हातांनी फोडली. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी तिच्या परसातला वांझ माड कोयती न लावताच माडी गाळू लागला, आणि ती असेपर्यंत आटला नाही. मामलेदाराने शिपाई धाडला. पण पकडायचं कुणाला? माडाला?

आजही पलीकडच्या दुकानात पहिली करवंटी ओततात, तेव्हा कीर मंडळी दादूच्याही आधी भागीरथीचं नाव घेतात. रीत मोडते, पण मोडू देतात.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. तुमच्या वहीत दुसऱ्याचं जे निघेल, ते त्याच्याच नावावर लिहा. हिशेब खरा ठेवा.