यंदा कोणाची हवा?

फार पूर्वी, सायकली बोलायच्या तेव्हा, डोंगराखालच्या दुकानात एक हवेचा पंप होता. दर शर्यतीनंतर तो पहिल्या आलेल्या सायकलीकडे बघून ओरडायचा, "यंदा मोठ्या चाकांची हवा!" की लागल्याच सगळ्या सायकली चाकं बदलायला रांगेत.

रोज डोंगर भटकणारी भिंगरी एकदा पंक्चर होऊन आली. "पंपदादा, एक ट्यूब द्या. वर करवंदं पिकलीत, जायचंय."

"तुझ्या मापाच्या चाकांची हवा गेली गं. मोठी घाल."

"का? डोंगर वाढला का हो?"

"डोंगराचं काय घेऊन बसलीस?" पंप फुसफुसला. "तिकडे जातंय कोण?"

रांगेतल्या चकचकीत सायकलींनी घंट्या वाजवून दुजोरा दिला.

भिंगरीने जुन्याच ट्यूबला ठिगळ लावलं आणि ती निघाली. वाट अगदी मोकळी होती.