ठमाईचा विस्तव

सांगा आजोबा, सांगा आजोबा, म्हणून अंगणवाडीच्या बाईंनी महिनाभर डोकं खाल्लं. मी काय कीर्तनकार आहे? दोन यत्ता कशाबशा शिकलेला माणूस. तर म्हणाल्या, मग लिहूनच द्या. घ्या. पोरांना वाचून दाखवताना मधलं काही गाळायचं नाही, आणि शेवट तर मुळीच नाही.

फार फार वर्षांमागं, काडेपेटी कुणी बघितली नव्हती तेव्हा, पळसखळीत ठमा नावाची कुंभारीण होती. एकटी, म्हातारी, तोंडानं फटकळ. गावाच्या खालच्या अंगाला तिचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. त्या आव्यातला विस्तव कधी विझला नाही, असं म्हणतात.

एकदा बाजार उठला, गाड्या गेल्या, आणि सकाळी ठमाला एका तडकलेल्या रांजणात पोर झोपलेली सापडली. चार-पाच वर्षांची असेल. नाव सांगेना, गाव सांगेना. रांजणात सापडली म्हणून ठमानं तिला रांजी म्हटलं आणि पुढ्यात भाकरी ठेवली.

पोरं भारी वाईट असतात. तुम्हीपण. रांजी खेळायला गेली की सगळी विचारायची, "तू कुणाची गं?" सुताराची, तेल्याची, असं काही सांगता आलं तर खेळात घ्यायची. रांजीला सांगता येईना. मग ती आव्यापाशी येऊन फुटक्या खापऱ्या रचत बसायची.

पाटील म्हणाला, "ठमे, कुणाची कुठली पोर ही. माघाच्या बाजाराला नेऊन सोडू. ज्याची असेल तो नेईल."

"आणि कुणीच नाही नेली तर?"

पाटील पागोटं सारखं करत बसला.

ठमाच्या जिवाला घोर लागला. माझी आहे म्हणायला तिचं काय जात होतं? पण तिचे हातपाय थकलेले. उद्या ती गेली की पोर परत रांजणात. माझ्या एकटीची होऊन हिचं भागायचं नाही, हे म्हातारीला कळलं.

मग तिनं काय केलं? तिन्हीसांजेला रांजीच्या हातात खापर दिलं, त्यावर राख पसरली आणि म्हणाली, "जा, सुताराकडनं विस्तव घेऊन ये. म्हणावं, आमची चूल विझली."

मागं आवा धडधडतोय, आणि ही म्हणते चूल विझली! सुतारीण हसून बेजार झाली. "अगं, कुंभारणीच्या घरचा विस्तव विझतो होय?" पण दारी आलेल्याला विस्तव नाही म्हणायची रीत नव्हती. तिनं निखारा दिला. दुसऱ्या दिवशी रांजी तेल्याकडं गेली, मग न्हाव्याकडं. रोज नवं घर. कुणी निखाऱ्यासंगं गुळाचा खडा दिला, कुणी जवळ बसवून केस विंचरले, कुणी म्हणालं, "काल खोकत होतीस, आज बरं आहे का गं?" ठमा एवढंच बजावायची, "रिकाम्या खापरानं परत यायचं नाही."

माघ लागला. बाजार तोंडावर आला. धुकं असं, की पुढचं माणूस दिसेना. त्या दिवशी पाळी होती वरच्या आळीतल्या हौसाची. हौसा आधीच कशानं तरी कावलेली. "आवा पेटता ठेवून भीक मागायला पाठवते काय म्हातारी? चल, नीघ." आणि तिनं दार लावून घेतलं.

रांजी दारात उभी राहिली. रिकाम्या खापरानं तर परत जायचं नव्हतं. तेवढ्यात धुकं जरा फाटलं आणि लांब टेकडीवर कुणा मेंढक्याची शेकोटी लुकलुकली. पोर निघाली तिकडं. धुक्यातनं, एकटी.

रात्र पडली तरी रांजी येईना. ठमा उंबऱ्यात येऊन बसली. माझ्याच शहाणपणानं पोर घालवली, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं आव्याकडं पाहिलं. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि आव्याच्या ज्वाळा टेकडीच्या अंगाला आडव्या झाल्या होत्या.

ती ओरडणार तोच सुतारीण धावत आली. "ठमाकाकू, माझी चूल बघायला चला! वेडी झालीय!" मागनं तेली आला, न्हावी आला. ज्या ज्या घरातनं रांजीनं विस्तव नेला होता, त्या त्या घरची ज्वाळा टेकडीकडं झुकली होती, असं म्हणतात. हसू नका. हौसाच्या चुलीतली ज्वाळा तेवढी सरळ उभी होती. ते बघून सगळ्यांच्या आधी हौसाच पळत सुटली.

पलिते घेऊन गाव टेकडी चढला. शेकोटीशी एक म्हातारा धनगर बसला होता आणि त्याच्या घोंगडीत रांजी झोपली होती, खापर छातीशी धरून. धनगरानं काठी आडवी धरली.

"थांबा. आधी सांगा, पोर कुणाची?"

"माझी!" हौसा म्हणाली.

"आमची!" सुतारीण म्हणाली. तेली म्हणाला, न्हावी म्हणाला, पाटीलसुद्धा म्हणाला. एकच गलका.

"अरे, एका पोरीला एवढी घरं?" धनगर म्हणाला. "मग कडेवर घेणार कोण, ते तरी ठरवा."

त्या कालव्यानं रांजी जागी झाली. तिनं हौसाकडं पाहिलं आणि खापर पुढं केलं. "काकू, विस्तव द्या की."

हौसाला रडू आवरेना. तिनं पोरीला कडेवर घेतलं, घरी नेलं आणि स्वतःच्या चुलीतला निखारा तिच्या खापरावर ठेवला. तेव्हा कुठं तिची ज्वाळाही हलली, असं म्हणतात.

माघाचा बाजार आला आणि गेला. पाटलानं विषय काढला नाही. पुढं ठमा गेली, पण रांजी परत रांजणात झोपली नाही. ती याच गावात म्हातारी झाली.

अजून माघी पुनवेला पळसखळीत घरोघरी गॅस बंद ठेवून चुली पेटवतात. अंगणवाडीत नवी आलेली पोरं हातात खापर घेऊन निघतात. मागं एक मोठं माणूस चालतं, नाहीतर भाजून घ्याल. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या दारात जायचं आणि विस्तव मागायचा. घरातलं माणूस विचारतं, "कुणाचा रे तू?" पोरानं सांगायचं, "इथला." मागणाऱ्याला कुणी परत पाठवायचं नाही, आणि एकही घर मागितल्यावाचून ठेवायचं नाही.

गेल्या पुनवेला मीही निखारा फुंकत बसलो होतो. माझ्या दारी यायची पाळी आमच्या आळीतल्या झुंबर शेलक्याच्या नातीची होती. त्यानं तिला वाटेतनंच वळवलं. म्हणाला, "तो म्हातारा खेकसतो, त्याच्याकडं नको जाऊस." निखाऱ्याची राख झाली तरी मी बसून होतो.

पोरीचा काही दोष नाही. तिनं यंदा यावं, गूळ आणून ठेवलाय. माफी मागायचीय ती झुंबर शेलक्यानं.